अबू निदालचा माग आणि सीआयएचा विनामूल्य वाचनकक्ष

२७ नोव्हेंबर १९८४ रोजी मुंबईत ब्रिटनचे उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस मोटारीने कचेरीकडे निघाले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. इंदिरा गांधींच्या हत्येला तेव्हा महिनाही पुरा झाला नव्हता, आणि पुढच्या आठवडाभरातच भोपाळची वायुदुर्घटना घडली. त्यामुळे आपल्या शहराच्या मधोमध झालेला हा खून आपल्या आठवणीतून जवळजवळ पुसला गेला. जबाबदारी घेणाऱ्यांनी स्वतःला समाजवादी मुस्लिमांची क्रांतिकारी संघटना म्हणवले होते. हे नाव ‘फतह – क्रांतिकारी परिषद’ या लहानशा पॅलेस्टिनी सशस्त्र गटाचा एक मुखवटा होता आणि त्या गटाला जग त्याच्या प्रमुखाच्या टोपणनावाने, म्हणजे अबू निदालच्या नावाने ओळखते. या गटाचा उगम आणि वाढ समजून घ्यावी म्हणून मी गेले काही महिने अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेने, म्हणजे सीआयएने, चालवलेला ऑनलाइन वाचनकक्ष वापरत आहे. ही समीक्षा त्या सेवेची आहे. मात्र अशी सेवा एखाद्या विषयावर पारखल्याशिवाय तिच्याबद्दल काही बोलता येत नाही, म्हणून विषयाबद्दलही विस्ताराने लिहावे लागणार आहे.

प्रथम सेवेविषयी. अमेरिकेत १९६६ साली माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला आणि १९९६च्या दुरुस्तीने सरकारी खात्यांवर खुली झालेली कागदपत्रे संगणकावरून उपलब्ध करून देण्याचे बंधन आले. त्याआधीच, १९९५ साली, अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशानुसार २५ वर्षे जुनी आणि ऐतिहासिक मोलाची गोपनीय कागदपत्रे, काही अपवाद वगळता, आपोआप खुली व्हायची होती. सीआयएने ती खुली केली खरी, परंतु ‘क्रेस्ट’ नावाचा तो संग्रह अनेक वर्षे मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या चारच संगणकांवर आणि तोही कचेरीच्या वेळेतच पाहता येत असे. म्हणजे कागद कायद्याने खुले होते, पण ते वाचायला विमानाचे तिकीट लागत होते. काही पत्रकार आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले, त्यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर जानेवारी २०१७मध्ये सुमारे ९ लाख ३० हजार दस्तऐवज, म्हणजे १ कोटी २० लाखांहून अधिक पाने, संकेतस्थळावर आली. आज ठाण्यात किंवा सांगलीत बसलेल्या वाचकाला यासाठी नोंदणी करावी लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत आणि परवानगीही घ्यावी लागत नाही. हा या सेवेचा पहिला गुण, आणि तो लहान नाही.

प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र पान आहे. त्यावर दस्तऐवजाचा क्रमांक, मूळ वर्गीकरण, पानांची संख्या, निर्मितीची तारीख आणि खुला केल्याची तारीख दिलेली असते. खाली मूळ कागदाची छायाप्रत आणि त्यासोबत यंत्राने ओळखलेला मजकूर असतो. छायाप्रतीच्या माथ्यावर बहुधा ‘सॅनिटाइज्ड कॉपी’ असा शिक्का असतो, म्हणजे आपल्या हाती आलेला कागद सोवळ्यात आणून मग दिलेला आहे. जिथे मजकूर झाकला आहे तिथे कोरी जागा आणि समासात ‘२५एक्स१’ अशी खूण दिसते. माहितीचा स्रोत किंवा ती मिळवण्याची पद्धत उघड होऊ नये म्हणून २५ वर्षांनंतरही मजकूर राखून ठेवला आहे, असा तिचा अर्थ. सुरुवातीला ही खूण केवळ अडथळा वाटते. काही दिवसांनी तिचाही उपयोग करता येतो. ज्या परिच्छेदात ती दाटीने येते तिथे संस्थेचा माणूस किंवा यंत्र जवळपास होते आणि जिथे ती अजिबात येत नाही तिथे बहुतेकदा वृत्तपत्रांवरून लिहिलेले आहे, असा कच्चा आडाखा बांधता येतो. शोध घेताना एकाच नावाची अनेक रोमन रूपे वापरून पाहावी लागतात, कारण अरबी नावांना इंग्रजीत एकच ठरलेले लेखन नाही आणि टंकलेखन यंत्रावरचा पुसट मजकूर यंत्राला नेहमी नीट उमगत नाही. अबू निदाल, साबरी अल-बन्ना, ब्लॅक जून, फतह रेव्होल्यूशनरी कौन्सिल या चारही नावांनी वेगवेगळा ऐवज हाती लागतो. निकालांतली बरीच पाने मात्र त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांची कात्रणेच असतात. संस्थेने कात्रणे जपली हे चांगले केले, पण त्यांना गुप्तचरांचे निष्कर्ष समजून चालणार नाही.

आता विषयाकडे वळू. अबू निदालचे खरे नाव साबरी खलील अल-बन्ना. त्याचा जन्म १९३७ साली पॅलेस्टाइनमधील जाफा येथे झाला. वडिलांच्या संत्र्यांच्या बागा होत्या आणि घर सधन होते. वडिलांनी उतारवयात घरात काम करणाऱ्या तरुण मुलीशी लग्न केले, तिचा हा मुलगा. वडील १९४५मध्ये गेले आणि त्यानंतर तीन वर्षांनी १९४८च्या युद्धात बागा, घर आणि गाव असे सगळेच गेले. कुटुंब आधी गाझातील निर्वासित छावणीत आणि मग नाब्लुसला पोहोचले. तरुणपणी साबरी बाथ या अरब राष्ट्रवादी पक्षात ओढला गेला, पुढे सौदी अरेबियात रंगकाम आणि वीजजोडणीची कामे करून पोट भरू लागला, आणि १९६७च्या युद्धाच्या सुमारास तिथून हाकलला गेल्यावर जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये येऊन यासर अराफत यांच्या फतह या पॅलेस्टिनी संघटनेच्या कामात शिरला. अबू निदाल हे नाव त्याने तेव्हाच धारण केले. त्याचा शब्दशः अर्थ ‘निदालचा बाप’, आणि निदाल म्हणजे झुंज.

या सगळ्या प्रारंभाबद्दल वाचनकक्षात जे मिळते ते फार तोकडे आहे. असे होणे स्वाभाविकही आहे. गुप्तचर संस्थेला माणूस तेव्हाच दिसू लागतो जेव्हा तो तिच्या देशाला किंवा मित्रदेशांना उपद्रव देऊ लागतो. संत्र्यांची बाग, छावणीतील महिने, सावत्र भावंडांच्या घरातले दुय्यम स्थान, सौदी मालकांकडची मजुरी या गोष्टींसाठी तिच्या साच्यात रकानाच नाही. चरित्रपर टिपणांत जन्म, शिक्षण आणि स्वभाव यांच्यासाठी दोनचार ओळी ठेवलेल्या असतात आणि त्यांतही ‘क्रूर’, ‘संशयी’ अशी विशेषणेच अधिक भेटतात. विशेषणे चुकीची नसतीलही. परंतु गटाचा उगम समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकाने पहिला टप्पा इथे शोधू नये. त्यासाठी पॅलेस्टिनी स्मरणग्रंथ, जुन्या मुलाखती आणि गटातून फुटून बाहेर पडलेल्यांच्या साक्षी यांच्याकडेच जावे.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे फाटाफुटीच्या काळात, संग्रह थोडा बोलू लागतो. १९७० साली अबू निदाल फतहचा प्रतिनिधी म्हणून बगदादला गेला. त्यानंतर लगेच जॉर्डनच्या राजाने पॅलेस्टिनी संघटनांवर लष्कर घातले आणि तो रक्तरंजित महिना ‘काळा सप्टेंबर’ म्हणून ओळखला गेला. लढाई अम्मानमध्ये, हा बगदादमध्ये, आणि इराकी सैन्य जॉर्डनमध्ये तैनात असूनही स्वस्थ बसलेले, असा तो पेच होता. तरीही अबू निदालची जवळीक इराकी सत्तेशीच वाढत गेली. ५ सप्टेंबर १९७३ रोजी पॅरिसमधील सौदी दूतावासावर पाच सशस्त्र माणसांनी कब्जा केला आणि जॉर्डनच्या तुरुंगातील अबू दाऊद या फतह नेत्याच्या सुटकेची मागणी केली. फतहच्या नेतृत्वाला हे मान्य नव्हते, पण बगदादहून सूत्रे हलत होती. (५ सप्टेंबर ही तारीख या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. आदल्याच वर्षी याच तारखेला म्युनिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले होते आणि कराचीतील विमान-अपहरणाची तारीखही हीच आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.) जून १९७४मध्ये कैरो येथे पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेने दहा कलमी कार्यक्रम स्वीकारला, आणि मुक्त होईल त्या भूभागावर, तो कितीही लहान असला तरी, राष्ट्रीय सत्ता स्थापन करण्याची वाट मोकळी केली. तडजोडीकडे टाकलेले हे पहिले पाऊल आहे असे मानणाऱ्या नकारवाद्यांत अबू निदाल होता. त्याच वर्षी फूट पडली, फतहने त्याला गैरहजेरीत मृत्युदंड फर्मावला, आणि इराकने बगदादमधील फतहची मालमत्ता, प्रशिक्षण छावणी आणि प्रसारणाची साधने त्याच्या हवाली केली. त्याने ‘फतह’ हे नाव सोडले नाही. त्याच्या मागे ‘क्रांतिकारी परिषद’ एवढेच जोडून मूळ संघटना आपलीच असल्याचा दावा केला.

या काळासाठी वाचनकक्षातला सर्वांत रंजक ऐवज म्हणजे अमेरिकी अध्यक्षांना रोज सकाळी दिले जाणारे गुप्तवार्तांचे सार. केनेडी आणि जॉन्सन यांच्या काळातील सुमारे अडीच हजार सार-टिपणे २०१५मध्ये आणि निक्सन व फोर्ड यांच्या काळातील तेवढीच २०१६मध्ये खुली झाली. १९७० ते १९७६ या वर्षांतील ही टिपणे सलग वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. वॉशिंग्टनच्या टेबलावर पॅलेस्टिनी प्रश्न बहुधा अम्मान, दमास्कस, कैरो आणि बैरूत येथील सरकारांच्या डावपेचांचा भाग म्हणून येतो. लहान गट तिथे सोंगट्यांसारखे येतात, त्यांच्या अंतर्गत वादाला जागा क्वचितच मिळते. अबू निदालच्या बाबतीत हा दृष्टिकोन अपुरा असला तरी निरुपयोगी नाही, कारण या माणसाचा गट खरोखरच सरकारांच्या आश्रयाने जगला. १९७६मध्ये सिरियाने लेबनॉनच्या यादवीत पॅलेस्टिनींच्या विरोधात सैन्य घातले तेव्हा गटाने त्या महिन्यावरून ‘काळा जून’ हे नाव घेतले आणि दमास्कसच्या सेमिरामिस हॉटेलवर हल्ला केला. इराक आणि सिरिया यांच्यातील वैर पाहिले तर या रागामागे सिद्धांत किती आणि आश्रयदात्याची मर्जी किती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुढच्या वर्षी सिरियाचे परराष्ट्रमंत्री अब्दुल हलीम खद्दाम यांच्यावर अबू धाबीच्या विमानतळावर नेम धरला गेला. त्यात संयुक्त अरब अमिरातीचे मंत्री सैफ घोबाश मारले गेले.

त्यानंतरचे प्रकरण मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते आणि मराठी वाचकाला ते फारसे माहीत नाही. आपण त्या काळात पॅलेस्टाइन म्हटले की यासर अराफत एवढेच ओळखत होतो. भारताने अराफत यांच्या पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला (फतह हा तिचा सर्वांत मोठा घटक) १९७४मध्येच मान्यता दिली होती आणि १९८३च्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत अराफत दिल्लीत आपल्या पंतप्रधानांसोबत वावरत होते. त्याच वर्षांत अबू निदालच्या गटाचे मुख्य लक्ष्य इस्रायली सैनिक नव्हते. इस्रायलींशी बोलू पाहणारे पॅलेस्टिनी त्याच्या निशाण्यावर होते. मुक्ती संघटनेचे लंडनमधील प्रतिनिधी सईद हम्मामी यांनी तिथल्या ‘टाइम्स’मध्ये लेख लिहून सहअस्तित्वाचा विचार मांडला होता. जानेवारी १९७८मध्ये ते मारले गेले. त्याच वर्षी संघटनेचे कुवेत आणि पॅरिस येथील प्रतिनिधीही मारले गेले. संघटनेतीलच हृदयरोगतज्ज्ञ इस्साम सरतावी इस्रायली शांततावाद्यांशी उघडपणे भेटत असत. १० एप्रिल १९८३ रोजी पोर्तुगालमधील अल्बुफेरा येथे समाजवादी आंतरराष्ट्रीय या जगभरच्या समाजवादी पक्षांच्या संघटनेच्या अधिवेशनाच्या ठिकाणी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे ज्यांच्याशी वाटाघाटी झाल्या असत्या अशी माणसे एकेक करून नाहीशी झाली. या खुनांविषयी वाचनकक्षातील निकाल संख्येने बरे आहेत, पण त्यांत कात्रणांचा भरणा जास्त आहे. विश्लेषण हवे तर ते वाचकाने स्वतः करायचे.

३ जून १९८२ रोजी लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलबाहेर इस्रायलचे राजदूत श्लोमो आरगोव्ह यांच्यावर झालेला हल्ला हा या गटाच्या इतिहासातील कळीचा क्षण. आरगोव्ह वाचले, पण कायमचे पंगू झाले आणि २००३मध्ये वारले. हल्ला अबू निदालच्या माणसांनी केला आहे, म्हणजे अराफतांच्या वैऱ्याने केला आहे, हे इस्रायली गुप्तचरांना ठाऊक होते. तरी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारने तो फरक निरर्थक ठरवला आणि ६ जूनला इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये शिरले. अराफत आणि त्यांचे योद्धे ऑगस्टमध्ये बैरूत सोडून गेले. काहीशे माणसांच्या एका गटाच्या एका गोळीने मध्यपूर्वेचा नकाशा हलावा, याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. नॉरिस यांच्या खुनाचा धागाही इथेच येऊन मिळतो. आरगोव्ह यांच्या हल्लेखोरांना ब्रिटनने दीर्घ शिक्षा दिल्या होत्या आणि त्यानंतर ब्रिटिश अधिकारी लक्ष्य होऊ लागले. मार्च १९८४मध्ये अथेन्समध्ये ब्रिटिश कौन्सिलचे केन व्हिटी आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत नॉरिस मारले गेले. अथेन्स, मुंबई आणि लंडन यांना जोडणारी ही रेषा मला आमच्याकडच्या वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींतून कधी दिसली नव्हती. ती दिसायला इथल्या ‘टेररिझम रिव्ह्यू’ या नियतकालिक गोपनीय अहवालातील घटनासूचींसारखा ऐवज कामी येतो. वेगवेगळ्या देशांतल्या घटना एका पानावर, तारखेनुसार, एकाखाली एक वाचता आल्या की संबंध जुळू लागतात.

आणि मग येतो तो टप्पा, जिथे ही सेवा आपले खरे मोल दाखवते. १९८३च्या अखेरीस इराकने अबू निदालला देशाबाहेर काढले. इराणशी चाललेल्या युद्धात सद्दाम हुसेन यांना अमेरिकेची मर्जी हवी होती. गट सिरियात गेला, म्हणजे ज्या सरकारविरुद्ध ‘काळा जून’ हे नाव घेतले होते त्याच सरकारच्या दारी, आणि तिथून १९८७मध्ये लिबियात. या वर्षांतील सीआयएचे संशोधनपर अहवाल गटाची रचना, त्याला पोसणारी सरकारे आणि त्याचे व्यापारी उद्योग अशा तीन अंगांनी लिहिलेले आहेत, आणि तिसरे अंग तर खास वाचण्यासारखे आहे. वॉर्सामध्ये या गटाची व्यापारी कंपनी होती, शस्त्रांच्या खरेदीविक्रीतून दलाली मिळे, आखाती राज्यकर्त्यांकडून धाकाने रकमा उकळल्या जात आणि पैसा युरोपातील बँकांत फिरे. पुढे १९९१मध्ये बुडालेल्या बीसीसीआय या बँकेच्या लंडन शाखेतील खात्यांची जी प्रकरणे बाहेर आली, त्यांनी या चित्राला दुजोराच दिला. क्रांतीची भाषा बोलणारा गट हिशेबाच्या वह्यांतून पाहिला की तो भाडोत्री पेढीसारखा दिसू लागतो. गुप्तचर संस्थेची नजर इथे विषयाला पुरती लागू पडते, कारण पारपत्रे, खाती, विमानप्रवास आणि आश्रयदाते याच गोष्टी पाहण्याची तिला सवय असते.

मात्र याच टप्प्यात वाचकाने सर्वांत जास्त सावध राहायला हवे. २३ नोव्हेंबर १९८५ला इजिप्त एअरचे विमान पळवून माल्टाला नेले गेले आणि इजिप्तच्या कमांडोंच्या कारवाईत सुमारे ६० माणसे मेली. २७ डिसेंबरला रोम आणि व्हिएन्ना येथील विमानतळांवर एकाच सकाळी एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या खिडक्यांसमोर उभ्या असलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला. मृतांत अकरा वर्षांची एक अमेरिकी मुलगीही होती. हल्लेखोरांकडील काही ट्युनिशियन पारपत्रांचा माग लिबियापर्यंत गेला. जानेवारी १९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांनी लिबियावर आर्थिक निर्बंध घातले आणि एप्रिलमध्ये, बर्लिनमधील एका डिस्कोतील स्फोटानंतर, त्रिपोली व बेंगाझीवर बाँबफेक झाली. गट तोवर दमास्कसमध्येच होता. सिरियाचा वाटा किती आणि लिबियाचा किती, हा केवळ माहितीचा प्रश्न नव्हता, कोणावर विमाने पाठवायची याचा तो प्रश्न होता. म्हणून त्या महिन्यांतील प्रत्येक अहवाल वाचताना त्याच्या निर्मितीची तारीख आणि त्या आठवड्यातील अमेरिकी धोरण शेजारी शेजारी ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. संकेतस्थळ ही सांगड घालून देत नाही. ते काम वाचकाच्या वहीत होते.

५ सप्टेंबर १९८६ची कथा महाराष्ट्रात सांगायची गरज नाही, असे वाटते, पण ती अर्धीच सांगितली जाते. मुंबईहून सुटलेले पॅन अ‍ॅमचे ७३ क्रमांकाचे विमान पहाटे कराचीत उतरले, विमानतळ सुरक्षेचा गणवेश घातलेले चौघे आत शिरले, नीरजा भनोतने दिलेल्या इशाऱ्यामुळे वैमानिक निसटले आणि विमान जमिनीवरच अडकले. सुमारे १७ तासांनी वीज संपून अंधार झाला तेव्हा हल्लेखोरांनी प्रवाशांवर गोळ्या आणि हातबाँब टाकले. २०हून अधिक माणसे गेली. नीरजाचा तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला अशोकचक्र मिळाले, तिची आठवण आपण जपली आणि ते योग्यच आहे. पण ते चौघे कोणाचे होते, त्यांना कराचीत कोणी पाठवले आणि त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपल्याकडे फार थोड्यांनी केली. ते अबू निदालच्या गटाचे होते. पाकिस्तानात त्यांना शिक्षा झाली. म्होरक्या झैद सफारिनी सुटल्यावर २००१मध्ये अमेरिकेच्या हाती लागला आणि २००४मध्ये त्याला १६० वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. या घटनेचा तपशील हवा असेल तर वाचनकक्षापेक्षा अमेरिकी न्यायालयातील खटल्याची कागदपत्रे कितीतरी सरस आहेत, कारण साक्षीदाराला न्यायालयात नाव असते आणि उलटतपासणीही होते.

गटाचा शेवट आतूनच झाला. १९८७-८८च्या सुमारास अबू निदालने आपल्याच माणसांत हेर शोधायला सुरुवात केली आणि लेबनॉन व लिबियात शेकडोंना ठार केले, असे गटातून फुटलेल्या वरिष्ठांनी सांगितले. त्यांतले आतेफ अबू बक्र १९८९मध्ये बाहेर पडले. १४ जानेवारी १९९१ रोजी ट्युनिसमध्ये अराफतांचे निकटचे सहकारी अबू इयाद यांचा खून झाला, तोही अबू निदालच्याच माणसाकडून. याच अबू इयाद यांचा असा पक्का समज होता की या गटात इस्रायली गुप्तचर शिरलेले आहेत, कारण त्याच्या प्रत्येक कृत्याचा फायदा शेवटी इस्रायललाच होतो. १९९२मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने हा संशय विस्ताराने मांडला. तो सिद्ध झालेला नाही. वाचनकक्षात याचे उत्तर शोधायला जाणाऱ्याची मोठी पंचाईत होते, कारण नेमक्या अशाच ठिकाणी कोरी चौकट आणि ‘२५एक्स१’ची खूण असते, आणि कोऱ्या चौकटीत ज्याला जे हवे ते दिसते. माझे मत विचाराल तर आतला संशय, आश्रयदात्यांचे दडपण आणि एका माणसाची हुकूमत एवढ्याने या आत्मनाशाचा उलगडा होतो. तिसऱ्या हाताची गरज पडतेच असे नाही. १६ ऑगस्ट २००२ रोजी बगदादमध्ये अबू निदाल मरण पावला. इराकी सरकारने आत्महत्या म्हटले, इतरांनी खून म्हटले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या हिशेबाने या गटाने २० देशांत हल्ले केले आणि जवळजवळ ९०० माणसे मारली किंवा जखमी केली. २०१७मध्ये त्याचे नाव त्या खात्याच्या दहशतवादी संघटनांच्या यादीतून काढून टाकण्यात आले, कारण गट उरलाच नव्हता.

तुलनेसाठी सांगतो, याच अभ्यासासाठी मी एका सशुल्क परदेशी वृत्तपत्रसंग्रहाची वर्गणीही भरली होती. नाव देत नाही. तिथे शोध सोपा आणि छपाई स्वच्छ होती, परंतु वर्गणी बंद करूनही पुढच्या महिन्याचे पैसे कार्डातून गेले आणि परत मिळवण्यात तीन आठवडे खर्ची पडले. त्या मानाने पुसट छायाप्रती सोसणे मला सोपे वाटते.

गुणांकन पाचांत मोजायचे तर मी या वाचनकक्षाला साडेतीन देतो. १९८० ते १९८८ या काळातील गटाची रचना, पैसा आणि आश्रयदाते यांसाठी पाच, फाटाफुटीच्या वर्षांसाठी तीन, आणि जाफा ते अम्मान या प्रवासासाठी जेमतेम एक. पदव्युत्तर विद्यार्थी, पत्रकार आणि धीर असलेले हौशी अभ्यासक यांनी तो जरूर वापरावा. ज्यांना एका बैठकीत सरळ गोष्ट हवी आहे त्यांनी इथे येऊ नये. सुरुवात करणाऱ्याने आधी १९८२ ते १९८६ एवढाच काळ निवडावा, निकाल निर्मितीच्या तारखेनुसार लावून घ्यावेत, कात्रणे आणि अहवाल यांची वेगळी नोंद ठेवावी, आणि उपयोगी वाटलेला प्रत्येक दस्तऐवज क्रमांकासह लगेच उतरवून घ्यावा. त्याच कागदाची दुसरी प्रत अनेकदा वेगळ्या क्रमांकाखाली असते आणि तिच्यात झाकलेल्या ओळी वेगळ्या असू शकतात. दोन्ही प्रती छापून खिडकीच्या उजेडात एकावर एक धरून वाचल्या की एकीत कोरी असलेली ओळ कधी कधी दुसरीत सापडते.